गोधडीस्पर्धेतील वर्गवारी आणि कर्तृत्वाचा प्रश्न

कलाविषयक मते ग्रंथांतून आणि व्याख्यानांतून मांडली जातात तशीच ती नियमपत्रकांतूनही मांडली जातात. फरक इतकाच की नियमपत्रक लिहिणाऱ्यास आपण मत मांडीत आहोत याची बहुधा जाणीव नसते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गावोगावची गोधडी-मंडळे दरवर्षी किंवा वर्षाआड जी प्रदर्शने भरवितात, त्यांच्या प्रवेशपत्रिका या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत. गोधडीची लांबीरुंदी किती, तुकडे हाताने जोडले की यंत्रावर, टाके कोणी घातले, नमुना स्वतःचा की छापील, शिवणारी नवशिकी की धंदेवाईक, असे प्रश्न त्या पत्रिकेत क्रमाने येतात, आणि उत्तरांप्रमाणे गोधडी कोणत्या तरी एका वर्गात पडते. वर्ग ठरला की तिची तुलना कोणाशी व्हावयाची हे ठरते. आणि तुलना ठरली की तिच्यातील कोणता गुण डोळ्यांत भरावयाचा व कोणता झाकला जावयाचा हेही बरेचसे ठरून जाते. परीक्षकाने सभागृहात पाऊल टाकण्यापूर्वीच निम्मी समीक्षा झालेली असते.

‘क्विल्ट’ या शब्दासाठी येथे ‘गोधडी’ हा प्रतिशब्द योजला आहे, तो जवळचा असला तरी तंतोतंत नव्हे. आपल्याकडील गोधडी जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने सांधलेली असते. अमेरिकन गोधडीत तीन स्पष्ट अंगे असतात: रंगीत तुकडे जोडून केलेला वरचा पदर, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर. वरचा पदर आधी स्वतंत्रपणे पुरा होतो. नंतर तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधले जातात, आणि शेवटी कडेने गोट लावला जातो. म्हणजे जोडकाम आणि टाके ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती दोन वेगळ्या माणसांनी केलेली असू शकतात. या साध्या वस्तुस्थितीतच पुढील साऱ्या प्रश्नांचे मूळ आहे.

परीक्षणाची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आढळते. प्रेक्षकांसाठी दारे उघडण्यापूर्वी एकेका वर्गातील गोधड्या लांब मेजावर रचल्या जातात. पांढरे हातमोजे घातलेल्या मदतनीस बाया एकेक गोधडी परीक्षकासमोर उलगडतात, आणि शेजारी बसलेली लेखनिक परीक्षकाच्या तोंडचा शब्दन् शब्द टिपून घेते. गोधडीच्या पाठीवर शिवलेली नावाची पट्टी झाकलेली असते. कोणाचे काम समोर आहे हे परीक्षकास कळू द्यावयाचे नसते. काही ठिकाणी प्रत्येक अंगास ठरावीक गुण देऊन बेरीज करतात, तर काही ठिकाणी एकेक गोधडी बाजूस सारीत उरलेल्यांतून निवड करतात. गोट पुरता भरला आहे की आतून पोकळ आहे, कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, त्यांतील दुमड टाक्यांनी मिटवली आहे काय, चांदण्यांची टोके शाबूत आहेत की शिवणीत बुडाली, दोऱ्याच्या गाठी वर दिसतात काय, टाक्यांची दाटी सर्वत्र सारखी आहे काय, आखणीच्या पेन्सिलीच्या खुणा राहिल्या आहेत काय, याची तपासणी होते. मांजराचे केस चिकटलेली किंवा धुराचा वास येणारी गोधडी आणू नये, अशीही सूचना नियमांत आढळते.

ही तपासणी क्षुल्लक समजून हसण्यावारी नेणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. परीक्षकाची टीप पाहिली तर तिच्यात एक दुर्मिळ गुण आढळतो: ती दोषाची जागा दाखविते. ‘डावीकडील खालच्या कोपऱ्याशी गोट सैल आहे’ असे म्हणणारा परीक्षक स्वतःचे विधान पडताळून पाहण्याची सोय शिवणारीच्या हाती देतो. वाङ्मयाच्या परीक्षणांत अशी सोय नेहमी असतेच असे नाही. टिपेचा आरंभ गोधडीच्या एखाद्या गुणाने करावा हा तेथील संकेतही निव्वळ सौजन्याचा नाही. दोष काढणाऱ्याने आधी वस्तू नीट पाहिली आहे एवढी हमी त्यातून मिळते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल क्विल्टिंग असोसिएशनने परीक्षकांची तयारी पाहून त्यांना प्रमाणपत्रे देण्याची योजना चालविली होती. ती संस्था २०१५ मध्ये विसर्जित झाली, तरी प्रमाणित परीक्षकांची स्वतंत्र संघटना तिच्या मागे राहिली आहे. एका गृहकलेभोवती परीक्षणाचे इतके शिस्तबद्ध शास्त्र उभे राहावे ही घटना उपेक्षणीय खासच नव्हे.

प्रश्न परीक्षकाच्या डोळ्याचा नसून त्याच्यासमोर मांडलेल्या राशींचा आहे. यांपैकी आकारमानावर आधारलेल्या वर्गांविषयी फारसे बोलावयास नको. मोठ्या गोधड्या, लहान गोधड्या, भिंतीवर लावावयाच्या गोधड्या, हे भेद खुंट्या आणि दांड्या यांच्या सोयीसाठी पडले आहेत, आणि सोयीलाच सौंदर्यतत्त्व समजण्याची चूक सहसा कोणी करीत नाही. नवशिक्यांचा वेगळा वर्ग असणेही रास्तच आहे. ज्यांच्यामागे काही एक कलाविचार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काही एक समाजविचार दडलेला आहे, असे वर्ग तीन: हात आणि यंत्र यांचा भेद करणारे, ‘कला’ हे नाव धारण करणारे, आणि गोधडी एकीची की अनेकींची हे विचारणारे.

या स्पर्धांची परंपरा कृषिप्रदर्शनांतून आलेली आहे. मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे एल्काना वॉटसन याने १८११ मध्ये भरविलेले प्रदर्शन हे अमेरिकन जिल्हाजत्रांचे आद्य रूप मानले जाते. लवकरच अशा जत्रांत गुरे आणि धान्य यांच्या जोडीला स्त्रियांनी घरी विणलेल्या व शिवलेल्या वस्तूंनाही बक्षिसे मिळू लागली. लोणी, लोणची, मुरंबे आणि गोधड्या एकाच छताखाली मांडल्या जात, आणि त्या साऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी एकच असे: घर नेटके चालविणाऱ्या स्त्रीचे श्रम. या दृष्टीला कारागिरी दिसे. कल्पना दिसतेच असे नाही. जॉर्जियातील अथेन्स येथे १८८६ मध्ये भरलेल्या कापसाच्या जत्रेत हॅरिएट पॉवर्स हिची बायबलमधील प्रसंग चितारणारी गोधडी मांडली होती. पॉवर्सचा जन्म १८३७ मध्ये गुलामगिरीत झालेला. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलाशिक्षिकेने ती गोधडी पाहिली आणि विकत मागितली, परंतु पॉवर्सने त्या वेळी ती दिली नाही. पुढे काही वर्षांनी हलाखीची पाळी आल्यावर दहा डॉलर मागून पाच डॉलरांना तिला ती द्यावी लागली. आज ती वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयात आहे. तिच्यावरील मनुष्याकृती, पशू आणि सूर्यतारे यांत हाताचे टाके आहेत आणि यंत्राचेही आहेत. ती गोधडी टिकली ती कोणत्या वर्गात पहिली आली म्हणून नव्हे, तर एका प्रेक्षक स्त्रीचा डोळा तिच्यावर खिळला म्हणून. वर्गवारीचा गौरव करताना एवढी नोंद तिच्या विरुद्ध बाजूस करून ठेवावयास हवी.

कर्तृत्वाचा प्रश्न ऐरणीवर आला तो १९३३ मध्ये. तो ऐरणीवर आला आहे हे मात्र त्या वेळी फारच थोड्यांना ठाऊक होते. त्या वर्षी शिकागो येथे ‘प्रगतीचे शतक’ या नावाने जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स, रोबक कंपनीने एक राष्ट्रीय गोधडीस्पर्धा पुकारली. मंदीचा काळ होता. पारितोषिकांची एकूण रक्कम ७,५०० डॉलर, आणि त्यांतील सर्वोच्च पारितोषिक हजार डॉलरांच्या घरातील. शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांना ही रक्कम स्वप्नवत् वाटावी अशीच होती. जानेवारीत घोषणा झाली आणि मेच्या मध्यापर्यंत सुमारे २४,००० गोधड्या आल्या. इतक्या अल्प मुदतीत इतक्या गोधड्या आल्याचा दाखला तोवर तरी नव्हता. स्थानिक दुकानांतून विभागांकडे आणि दहा विभागांतून शिकागोकडे अशा चाळणीतून अखेर तीस गोधड्या उरल्या. अंतिम परीक्षकांत शिकागोच्या कलासंस्थेचे संचालक रॉबर्ट हार्श आणि भरतकाम-विणकामाच्या प्रसिद्ध संपादिका ॲन ऑर यांचा समावेश होता.

प्रदर्शनाचा विषय घेऊन नवी रचना करणारीस वेगळी रक्कम मिळेल, असे आमिष नियमांत होते. त्याला भुलून अनेक स्त्रियांनी आगगाड्या, विमाने, उंच इमारती आणि शतकभराचा इतिहास कापडावर उतरविला. परंतु सर्वोच्च मान मिळाला तो जुन्या वळणाच्या, बारीक टाक्यांच्या आणि भरीव उठावाच्या एका तारकांच्या गोधडीस. ‘स्टार ऑफ द ब्लूग्रास’ हे तिचे नाव. जाहीरनाम्याने नावीन्य मागितले आणि परीक्षणाने परंपरा उचलून धरली. विषयावर झटलेल्या स्पर्धकांची निराशा समजण्यासारखी आहे. तथापि हा दोष परीक्षकांच्या रुचीचा म्हणण्यापेक्षा एकाच राशीत दोन भिन्न हेतूंच्या वस्तू कोंबणाऱ्या नियमांचा होता. टाक्यांच्या सफाईने मोजावयाचे ठरल्यावर विमानाची आकृती तारकेपुढे टिकणे कठीणच होते.

खरी गोष्ट याहून गंभीर होती. पारितोषिक केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांना मिळाले, आणि त्या गोधडीत त्यांनी स्वतः एकही टाका घातलेला नव्हता. काम त्यांनी मजुरी देऊन इतर स्त्रियांकडून करवून घेतले होते. त्या स्त्रियांना पारितोषिकातील वाटा मिळाला नाही. आणि मंदीच्या दिवसांत हातचे काम जाईल या धास्तीने त्या गप्प राहिल्या. गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना अर्पण करण्यात आली, आणि पुढे तिचा ठावठिकाणा लागलेला नाही. हे सारे कित्येक दशकांनंतर मेरिके वॉल्डव्होगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या अभ्यासिकांच्या चिकाटीमुळे उजेडात आले. त्यांचा या स्पर्धेवरील ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक भेद काटेकोरपणे केला पाहिजे. परीक्षकांनी गोधडीविषयी दिलेला निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. ज्या गुणांची कसोटी त्यांनी लावली ते गुण त्या गोधडीत होतेच. चुकला तो कर्तीविषयीचा निर्णय, आणि तो त्यांनी दिलाच नव्हता. तो प्रवेशपत्रिकेने गृहीत धरला होता. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर मराठी समीक्षेत कलाकृतीच्या स्वायत्ततेची पुष्कळ चर्चा झाली. कृती पाहावी, कर्ता पाहू नये, हा त्या चर्चेतील एक आवडता पक्ष. कवितेच्या बाबतीत तो पक्ष घेणे सोपे जाते, कारण कवी कोण हे आधीच ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्या माणसाला बाजूस ठेवण्यात त्याचे काही जात नाही. जिचे नाव कोठे लिहिलेलेच नाही तिला बाजूस ठेवणे ही मात्र वेगळी क्रिया आहे. परीक्षकापासून नाव झाकून ठेवणे आवश्यक. परंतु झाकण्यापूर्वी ते अचूक लिहून घेणेही तितकेच आवश्यक. लेक्सिंग्टनच्या प्रकरणात पहिली अट कसोशीने पाळली जात असताना दुसरी कोणी पाहिलीच नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या प्रदर्शनांतील ‘दोघींनी केलेली गोधडी’ या वर्गाकडे पाहावे. जिने वरचा पदर जोडला ती एक, आणि जिने टाके घातले ती दुसरी, अशा गोधड्यांसाठी तो राखलेला असतो. तिघींनी किंवा त्याहून अधिक जणींनी केलेल्या गोधड्यांसाठी सामूहिक वर्ग निराळा असतो. गोधडी ताणून धरणाऱ्या लांब चौकटीवर मोठा शिवणमुख सरकवीत टाके घालणारी लाँगआर्म यंत्रे गेल्या काही दशकांत घराघरांतून आणि लहान धंद्यांतून पसरली. त्यामुळे वरचा पदर स्वतः जोडावयाचा आणि टाके मोल देऊन घालून घ्यावयाचे ही रीत सर्वत्र रुळली, आणि त्याबरोबर या वर्गाचाही विस्तार झाला. काही जणी त्याला दुय्यम लेखतात. ‘सारे स्वतः केले’ असे म्हणता येणे हाच तेथे अजून मोठा मान आहे. हे मत ग्राह्य धरण्याचे कारण नाही. १९३३ मध्ये ज्या बायांचे अस्तित्व लपविले गेले, त्यांच्याच प्रकारच्या कामाला या वर्गाने प्रथम कागदावर जागा करून दिली आहे. साऱ्या वर्गवारीत नैतिकदृष्ट्या सर्वांत प्रौढ असा वर्ग कोणता असे कोणी विचारले तर याच्याकडेच बोट दाखवावे लागेल. त्यात उणीव आहे ती अशी की काही ठिकाणी बक्षिसाची फीत प्रवेशपत्रिका भरणारीच्या हाती पडते, आणि टाके घालणारी निकालपत्रकातील दुसरी ओळ बनून राहते. विशेषतः जेथे वरचा पदर बाजारी नमुन्यावरून जोडलेला असतो आणि टाक्यांची रचना स्वतंत्र असते, तेथे पहिली कोण आणि दुसरी कोण हा क्रम उलट लावण्यास पुष्कळ आधार सापडेल.

हात आणि यंत्र यांचा वाद याहून गाजलेला आहे, पण विचाराच्या दृष्टीने तो सोपा आहे. केंटकीतील पडूका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीची स्पर्धा १९८५ पासून भरू लागली. १९८९ मध्ये तेथील सर्वश्रेष्ठ गोधडीचा मान कॅरल ब्रायर फॉलर्ट यांच्या खग्रास सूर्यग्रहणावरील ‘कोरोना टू’ या गोधडीस मिळाला. तिचे टाके यंत्राचे होते, आणि हा मान यंत्रकामाला मिळण्याची ती पहिलीच वेळ. बरीच खळबळ उडाली. हस्तकलेचा अंत झाला असेही काहींना वाटले. वस्तुतः यंत्र हा गोधडीच्या इतिहासातील उपरा पाहुणा नव्हेच. पॉवर्सच्या गोधडीचा दाखला वर आलाच आहे. खळबळीचा परिणाम म्हणजे वर्ग फुटले. हस्तकामाचे पारितोषिक वेगळे झाले, यंत्रकामाचे वेगळे, आणि पुढे यंत्रकामातही घरगुती यंत्र आणि लाँगआर्म अशी फाळणी झाली. वाद मिटविण्याची ही एक शहाणी पद्धत आहे. तिच्यात धोका इतकाच की प्रत्येक नव्या साधनासाठी एक नवी रास मांडीत गेल्यास शेवटी परीक्षण साधनांचे होते, आणि गोधडी साधनाच्या मागे उभी राहते.

‘कलात्मक गोधडी’ या वर्गाचे नाव मात्र मुळातच आक्षेपार्ह आहे. एका राशीला कला म्हटले की उरलेल्या राशी काय आहेत, हा प्रश्न न विचारताही त्याचे उत्तर दिले जाते. या नावामागे एक इतिहास आहे. १९७१ मध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात अमेरिकन गोधड्या भिंतीवर चित्रांप्रमाणे टांगल्या. आधुनिक अमूर्त चित्रांशी त्यांचे साम्य पाहून समीक्षक चकित झाले. गोधडीला प्रतिष्ठा मिळाली हे निर्विवाद. परंतु ती मिळविताना अंथरुणापासून तिला तोडले गेले, आणि शिवणाऱ्या स्त्रियांची नावे बहुतांशी अज्ञातच राहिली. जत्रेला हात दिसत होता आणि डोळा दिसत नव्हता; संग्रहालयाला डोळा दिसला आणि हात दिसेनासा झाला. १९७९ मध्ये ओहायोतील अथेन्स येथे एका जुन्या दुग्धशाळेच्या गोठ्यात ‘क्विल्ट नॅशनल’ हे नव्या कलात्मक गोधड्यांचे प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा या प्रवाहाला स्वतःचे घर मिळाले. ज्यांना बारीक टाक्यांच्या मोजणीत गुदमरल्यासारखे होत होते, त्यांनी वेगळे व्हावे यात गैर काही नाही. गैर आहे ते गावच्या प्रदर्शनाने त्या वेगळेपणाचे नाव उसने आणून आपल्याच इतर गोधड्यांना नकळत खालच्या पायरीवर बसविणे. ‘मुक्त रचना’ हे साधे नाव तेथे पुरेसे झाले असते.

अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांनी तर या दोन्ही पक्षांना अडचणीत आणले. कामाच्या फाटक्या विजारी, सदरे, पोती यांचे तुकडे जोडून केलेल्या त्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन येथील ललितकला-संग्रहालयात आणि नंतर व्हिटनीत मांडल्या गेल्या. त्यांच्या कडा सरळ नाहीत, पट्ट्यांच्या रुंदी सारख्या नाहीत, आणि ही असमानता अज्ञानातून आलेली नसून निवडीतून आलेली आहे, हे चार गोधड्या शेजारी शेजारी पाहिल्यावर कोणासही कळते. कोपरा काटकोनात आहे काय, असे विचारणाऱ्या टिपेला येथे बोलण्यासारखे काही उरत नाही. या वेळी शिवणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र गोधड्यांबरोबर लिहिली गेली, हा १९७१ नंतरच्या तीस वर्षांतील मोठाच फरक आहे.

मग परीक्षणच का नको, असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्याला आधार देणारे उदाहरणही आहे. ओरेगॉन राज्यातील सिस्टर्स या छोट्या गावी जीन वेल्स यांनी १९७५ मध्ये डझनभर गोधड्या उघड्यावर टांगल्या. त्यातून जुलैमध्ये एक दिवस भरणारे प्रदर्शन वाढत गेले, आणि आता तेथे घरांच्या व दुकानांच्या दर्शनी भिंतींवर शेकडो गोधड्या झळकतात. निवड नाही, परीक्षक नाहीत, फिती नाहीत. उत्सव म्हणून ही कल्पना रम्य आहे. परंतु परीक्षण नसले म्हणजे निर्णय नसतो असे नव्हे. तो प्रेक्षकांच्या घोळक्यात, न लिहिता, न पडताळता होत राहतो. ज्या प्रदर्शनांत परीक्षकांच्या जोडीला प्रेक्षकांची पसंतीही मोजतात, तेथे ती पुष्कळदा वेगळ्याच गोधडीवर पडते. हे दोन्ही निर्णय शेजारी लावून ठेवणे हाच खरा लाभ. त्यांपैकी एक काढून टाकल्याने दुसरा अधिक शहाणा होत नाही.

वर्गवारीची कसोटी पाहावयाची तर तिच्यापुढे तिच्या घडणीबाहेरील एखादी गोधडी ठेवून पाहावी. अशी गोधडी महाराष्ट्राच्या शेजारीच आहे. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड या तालुक्यांत, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंडी म्हणतात. जुन्या साडीचे अस्तर पसरून शिवणारी एका कोपऱ्यापासून आरंभ करते, काठाकाठाने कापडाचे तुकडे ठेवीत आणि त्याच वेळी धावदोरा घालीत फिरते, आणि फेऱ्याफेऱ्याने आत सरकत मध्याशी पोहोचते. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची लहान ‘फुला’ बसविल्यावाचून कवंडी पुरी झाली असे मानीत नाहीत; फुलांवाचून ती उघडी दिसते अशी त्यांची भावना असल्याचे हेन्री ड्रूअल या अभ्यासकाने नोंदविले आहे. म्हणजे स्पर्धा नसतानाही तेथे निकष आहे, तो काटेकोर आहे आणि शिवणाऱ्याच त्याच्या परीक्षक आहेत. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात कवंड्यांचे प्रदर्शन झाले, आणि त्यानंतरच्या काळात अमेरिकन गोधडीकार स्त्रियाही ही रीत आवडीने शिकू लागल्या आहेत.

आता अशी कवंडी घेऊन कोणी गावच्या स्पर्धेची प्रवेशपत्रिका भरावयास बसली तर काय होईल? ‘वरचा पदर कोणी जोडला’ आणि ‘टाके कोणी घातले’ हे दोन प्रश्न तिला लागूच पडत नाहीत, कारण कवंडीत जोडणे आणि टाके घालणे ही एकच क्रिया आहे. टाका पडेपर्यंत वरचा पदर अस्तित्वातच नसतो. मराठी गोधडीचीही स्थिती फारशी निराळी नाही. तिच्यात कर्तृत्वाची आणखी एक कडी आहे, जिची नोंद करणारा रकाना अमेरिकन पत्रिकेत सहसा सापडत नाही: कापड कोणाचे? ‘आजीची गोधडी’ असे मराठीत म्हटले जाते तेव्हा ती आजीने शिवलेली असेल किंवा आजीच्या लुगड्यांची असेल. शिवणारी कोणी शेजारीण असेल, किंवा दिवसाच्या बोलीने घरी येऊन गोधड्या घालून देणारी बाई असेल. तिचे नाव घरातील कोणास आठवतेच असे नाही. टाके तिचे, आणि गोधडी जिची वस्त्रे तिची. भाषेने येथे जो मान दिला आहे तो श्रमाला नसून अंगावर वागविलेल्या कापडाला आहे. तो मान खोटा नव्हे, पण त्याच्या आड टाके घालणारीचे नाव बुडाले हे नाकारता येत नाही. आणि लेक्सिंग्टनच्या बायांहून या बायांची गत वेगळी ठरते ती इतक्याच अर्थाने की येथे पारितोषिकच नव्हते.

गेल्या काही वर्षांत प्रवेशपत्रिकांवर एक नवा प्रश्न आला आहे. लाँगआर्म यंत्राला आता संगणकाची जोड मिळाली असून, छापील आकृतीप्रमाणेच साठविलेली टाक्यांची आकृतीही यंत्र आपोआप उमटवू शकते. त्यामुळे टाके हाताने मार्गदर्शन करून घातले की संगणकाच्या आज्ञेने, असे अनेक ठिकाणी विचारले जाते. आकृती दुसऱ्या कोणी रचलेली असेल आणि विकत घेतलेली असेल तर तिच्या रचनाकाराचे नाव लिहिण्यासाठीही काही पत्रिकांत जागा ठेवलेली असते. म्हणजे नमुना रचणारी, वरचा पदर जोडणारी, टाक्यांची आकृती आखणारा आणि यंत्र चालविणारी अशी चार नावे एका गोधडीमागे उभी राहू शकतात. परीक्षण संपल्यावर गोधड्या सभागृहात टांगल्या जातात, पाठीवरील पट्टीवरचे आवरण काढले जाते, आणि हातमोजे घातलेली स्वयंसेविका प्रेक्षकाच्या विनंतीवरून गोधडीची कड उलटून ती पट्टी दाखविते. त्या पट्टीवर पूर्वी एक नाव आणि एक साल एवढेच असे. अलीकडच्या पुष्कळ गोधड्यांवर ‘टाके’ असा वेगळा उल्लेख करून त्याखाली दुसरे नाव शिवलेले आढळते.